पोवळे : सागरातील रत्न आणि समाजमनातील त्याचे स्थान

पोवळे, अर्थात प्रवाळ, हे नवरत्नांपैकी एक रत्न होय. नऊ रत्नांपैकी सात रत्ने भूमीच्या उदरात घडतात, तर मोती आणि पोवळे ही दोन रत्ने समुद्रातील जिवांपासून लाभतात. हिरा किंवा माणिक यांच्या तुलनेत पोवळे मऊ आहे. घामाने त्याची झळाळी उतरते आणि लिंबाच्या रसानेही त्यावर डाग पडतो. असे असूनही, किमान दोन हजार वर्षे या तांबड्या मण्याने व्यापारी, कवी, वैद्य, ज्योतिषी आणि सामान्य गृहिणी या सर्वांच्या मनावर राज्य केले आहे.

सातारा जिल्ह्यातील उंब्रज हे गाव कऱ्हाड तालुक्यात, कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमाजवळ वसले आहे. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे असल्यामुळे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे. समुद्र येथून सह्याद्रीच्या पलीकडे, घाट उतरून गेल्यावर लागतो. परंतु या परिसरातील माणसाच्या बोलीत, त्याच्या बैलाच्या नावात, लेकीच्या गळ्यात आणि तिच्या पत्रिकेच्या चर्चेत पोवळे आहेच. सागरातील ही वस्तू डोंगराआडच्या माणसाला इतकी जवळची कशी झाली आणि त्याने तिच्यावर कोणकोणते अर्थ लादले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

नावे आणि शब्द

‘पोवळे’ हा मराठी शब्द संस्कृत ‘प्रवाल’ या शब्दापासून आला आहे. प्रवाल म्हणजे कोवळी, तांबूस पालवी असाही अर्थ आहे. अमरकोशात विद्रुम आणि प्रवाल हे समानार्थी शब्द दिले असून, वीणेच्या दांड्यालाही प्रवाल म्हणतात अशी नोंद तेथे आढळते. कन्नडमध्ये हवळ, तमिळमध्ये पवळम्, हिंदीत मूंगा आणि अरबी-फारसीत मर्जान अशी याची नावे आहेत.

मराठीत या शब्दाचा परिवार मोठा आहे. प्राजक्ताच्या देठाला पोवळ्याची उपमा देण्याची रूढी सर्वांच्या ओळखीची आहे. काळसर तोंडाच्या एका बारीक विषारी सापाला ‘पोवळा’ म्हणतात. पवळे, पोवळे ही आडनावेही आपल्याकडे आढळतात. ग्रामीण बोलीत ‘पोवळे’चे ‘पवळं’ होते आणि त्यातूनच पुढे उल्लेखिलेली माणसांची व जनावरांची नावे तयार झाली.

वनस्पती, पाषाण की प्राणी?

पोवळ्याचे खरे स्वरूप काय, हे कोडे माणसाला फार उशिरा उलगडले. ते फांद्यांसारखे वाढते, म्हणून ते झाड मानले गेले. पाण्याबाहेर ते दगडासारखे कठीण असते, म्हणून ते पाषाण मानले गेले. ओव्हिड या रोमन कवीने आपल्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्यात याची एक कथा सांगितली आहे. पर्सियस या वीराने मेडुसाचे छिन्न मस्तक समुद्रकाठच्या शेवाळावर ठेवले, तेव्हा तिच्या दृष्टीतील शक्तीने ते शेवाळ दगड झाले आणि पोवळे जन्मास आले. आपल्याकडे गरुडपुराणातील रत्नकथेत बल नावाच्या असुराच्या देहापासून रत्ने झाली आणि त्याच्या आतड्यांपासून पोवळे झाले, असे वर्णन येते. पूर्व आणि पश्चिम या दोन्ही ठिकाणच्या कल्पनेला या तांबड्या रंगात रक्ताची आणि मृत्यूची खूण दिसली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

अठराव्या शतकात मार्सेय येथील वैद्य झाँ-आंद्रे पेसोनेल यांनी प्रत्यक्ष निरीक्षण करून पोवळे हा प्राणी असल्याचे प्रतिपादन केले. तत्कालीन विद्वानांनी प्रथम त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की पोवळे म्हणजे असंख्य सूक्ष्म जिवांच्या वसाहतीने उभारलेला कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा होय. दागिन्यात वापरले जाणारे तांबडे पोवळे प्रामुख्याने भूमध्य सागरात, अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढते. त्याची वाढ अत्यंत मंद असते. वर्षभरात त्याची जाडी एक मिलिमीटरनेही वाढत नाही. म्हणजे बोराएवढा एक मणी घडण्यास कित्येक दशके लागतात.

भूमध्य सागरापासून दख्खनपर्यंत

भारताच्या किनाऱ्यालगत प्रवाळ आहे, परंतु तो खडक बांधणारा प्रवाळ होय. माळेत ओवले जाणारे तांबडे पोवळे येथे होत नाही. त्यामुळे भारतातील पोवळ्याचा इतिहास हा आरंभापासून परदेशी व्यापाराचा इतिहास आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘आलकंदक’ पोवळ्याचा उल्लेख आहे आणि काही अभ्यासक त्याचा संबंध अलेक्झांड्रियाशी जोडतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक ग्रंथात सिंधूच्या मुखावरील बार्बरिकम, भडोच आणि मुझिरिस या बंदरांत येणाऱ्या मालात पोवळ्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात भडोचशी जोडलेल्या पैठण व तगर (आजचे तेर) या दख्खनच्या पेठांचे वर्णन येते. कऱ्हाडचे प्राचीन नाव करहाटक मानले जाते आणि त्या नगराच्या दात्यांचे उल्लेख भारहूत स्तूपावरील लेखांत आहेत. यावरून कृष्णाकाठ त्या काळीही दूरच्या जगापासून तुटलेला नव्हता, असे म्हणता येते.

रोमन लेखक प्लिनी याने एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. रोमन लोकांना भारतातील मोत्यांचे जेवढे अप्रूप, तेवढेच भारतीयांना पोवळ्याचे अप्रूप आहे, असे तो म्हणतो. भारतातील मागणीमुळे पोवळे त्याच्या स्वतःच्या प्रदेशातही दुर्मीळ झाले, अशी तक्रारही तो करतो. जे दुरून येते तेच मौल्यवान वाटते, हा मानवी स्वभाव प्लिनीने दोन हजार वर्षांपूर्वी ओळखला होता.

इ. स. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, तेव्हा त्याने सामुद्रीसाठी काढलेल्या नजराण्यात कापड, टोप्या, हात धुण्याची भांडी, साखर, तेल व मध यांच्या जोडीला पोवळ्याच्या चार माळा होत्या. तो क्षुल्लक नजराणा पाहून दरबारचे अधिकारी हसले, असे त्या प्रवासाच्या दैनंदिनीत नमूद आहे. परंतु पुढील काळात पोर्तुगीज जहाजांतून गोव्यास येणाऱ्या मालात पोवळ्याने महत्त्वाचे स्थान मिळविले.

या व्यापाराचा एक विलक्षण अध्याय इतिहासकार फ्रांचेस्का ट्रिव्हेलाटो यांनी उजेडात आणला आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील लिव्होर्नो या बंदरात एर्गास आणि सिल्वेरा नावाची ज्यू व्यापाऱ्यांची पेढी होती. ही पेढी भूमध्य सागरातील पोवळे लिस्बनमार्गे गोव्याला पाठवी आणि त्याच्या मोबदल्यात हिरे मागवी. गोव्यात हा व्यवहार कामत घराण्यातील सारस्वत व्यापारी पाहत. एकमेकांना कधीही न भेटलेले ज्यू आणि हिंदू व्यापारी पोर्तुगीज भाषेतील पत्रांवर विश्वास ठेवून, कॅथलिक राजाच्या जहाजांतून देवघेव करीत होते. हे सारे गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन कार्यरत असताना चालले होते, हे विसरता कामा नये. जेथे धर्मसत्तेने भिंती उभारल्या, तेथे दिलेल्या शब्दाच्या बळावर माणसे एकत्र आली, ही गोष्ट आपणां ख्रिस्ती वाचकांना अंतर्मुख करणारी आहे.

पोवळ्याच्या मोबदल्यात हिरे मिळविण्याचा व्यवहार इंग्रजांनीही मद्रासमार्गे केला. सतराव्या शतकात हिऱ्यांची ख्यातनाम खाण कोल्लूर येथे होती आणि ते कोल्लूर कृष्णेच्याच काठी, पार आंध्रात आहे. महाबळेश्वरी उगम पावून उंब्रजवरून वाहणाऱ्या नदीच्या खालच्या तीरावर हिरे निघत, ते युरोपात जात आणि त्यांच्या बदल्यात भूमध्य सागरातील पोवळे दख्खनमध्ये येई. राजेरजवाड्यांचे हिरे गेले आणि सामान्यांच्या गळ्यात तांबडे मणी आले, असेही या व्यवहाराचे वर्णन करता येईल. घाटावर माल चढविण्याचे काम बैलांच्या तांड्यांनी केले. चिपळूणहून कऱ्हाडकडे येणारा कुंभार्ली घाट हा या भागाला कोकणच्या बंदरांशी जोडणारा जुना मार्ग होय.

साहित्यातील पोवळे

संस्कृत काव्यात ओठांना विद्रुमाची उपमा देणे हा संकेतच होऊन बसला. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या स्मिताचे वर्णन करताना एक नाजूक कल्पना योजिली आहे. तांबूस पालवीवर पांढरे फूल ठेवावे किंवा स्वच्छ पोवळ्यावर मोती ठेवावा, तरच त्या स्मिताशी बरोबरी होईल, असा तिचा आशय आहे. त्या श्लोकात पालवीसाठी ‘प्रवाल’ आणि पोवळ्यासाठी ‘विद्रुम’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत. मराठी पंडित कवींनी हा वारसा पुढे चालविला. जात्यावरच्या ओव्यांत मात्र मोती-पोवळ्यांची जोडी येते ती आपल्या माणसाच्या कौतुकासाठी. दळणाऱ्या माउलीच्या मुखी ही रत्ने लेकराचे आणि भावाचे मोल सांगण्याची मापे होतात.

पाश्चात्त्य साहित्यात शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकातील एका गीतात बुडालेल्या पित्याच्या अस्थींचे पोवळे झाल्याची कल्पना आहे. मृत्यूचे रूपांतर सौंदर्यात व्हावे, ही मानवी आस त्यातून व्यक्त होते.

पवित्र शास्त्र आणि ख्रिस्ती परंपरा

जुन्या करारात पोवळ्याचे उल्लेख मोजके, पण अर्थपूर्ण आहेत. यहेज्केलच्या सत्ताविसाव्या अध्यायात सोर नगरीच्या बाजारातील मालात पोवळे आहे. ईयोबच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात ज्ञानाचे मोल सांगताना सोने, रत्ने आणि पोवळे या सर्वांना गौण ठरविले आहे. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात सद्गुणी स्त्रीचे मोल ज्या रत्नांहून अधिक म्हटले आहे, त्यासाठी मूळ हिब्रूत ‘पनीनीम’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ कोणी माणिक, कोणी मोती, तर कोणी पोवळे असा करतात. विलापगीतात हाच शब्द तांबूस कांतीसाठी आला असल्यामुळे पोवळे हा अर्थ अनेकांना पटतो.

युरोपातील ख्रिस्ती कुटुंबांत लहान मुलांच्या गळ्यात पोवळे बांधण्याची प्रथा होती. ती मुळात रोमन काळातील आहे. बाळाच्या गळ्यातील पोवळे त्याचे रक्षण करते, ही समजूत प्लिनीनेच नोंदविली आहे. चित्रकारांनी या लोकप्रथेला नवा अर्थ दिला. पिएरो देल्ला फ्रांचेस्का यांच्या ‘सेनिगालियाची माता’ या पंधराव्या शतकातील चित्रात बाळ येशूच्या गळ्यात पोवळ्याची फांदी आहे. इतर मुलांच्या गळ्यात जे संरक्षणाचे ताईत होते, तेच येथे पुढे सांडावयाच्या रक्ताची खूण बनले. मध्ययुगात जपमाळेसाठी पोवळ्याचे मणी वापरले जात. सिसिलीतील त्रापानी येथील कारागिरांनी सतराव्या शतकात पोवळ्याचे क्रूस व वेदीवरील वस्तू घडविल्या.

पोवळे काढण्याच्या जुन्या साधनाचे नावही ‘संत आंद्रेयाचा क्रूस’ असे होते. दोन वासे एकमेकांवर आडवे बांधून त्याला जाळी लावत आणि समुद्राच्या तळावरून ते ओढत नेत. त्यात पोवळ्यासोबत तळावरचे सारे जीवन उखडले जाई. युरोपीय समुदायाने १९९४ मध्ये या साधनावर बंदी घातली.

लोकजीवनातील पोवळे

आपल्या ग्रामीण जीवनात पोवळे प्रथम भेटते ते बाळाच्या मनगटावर. मनगट्यांत काळ्या मण्यांच्या जोडीला एखादे पोवळे ओवण्याची रीत अनेक घरांत आहे. पुढे ते गळ्यात येते. सीमाभागात आणि कर्नाटकात मंगळसूत्रात काळ्या मण्यांसोबत पोवळी ओवतात. सारस्वतांच्या काशीताळी या अलंकारातही सोन्याच्या व काळ्या मण्यांबरोबर पोवळे असते. वैद्यांच्या घरी ते प्रवाळ भस्म आणि गुलाबपाण्यात खलून केलेली प्रवाळ पिष्टी या रूपांत भेटते.

पण पोवळ्याचे सर्वांत आपुलकीचे रूप गोठ्यात आहे. तांबूस रंगाच्या बैलाला आपला शेतकरी ‘पवळ्या’ म्हणतो. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण प्रत्येक मराठी माणसाला पाठ असते. सातारा-सांगली भागात आषाढात बेंदूर साजरा होतो, तेव्हा शिंगे रंगवून, झूल घालून ज्याला पुरणपोळी भरवितात, त्या बैलाच्या नावात रोमन सम्राटांच्या काळचे रत्न दडलेले असते. ज्या घरात पोवळ्याची माळ घेण्याची ऐपत नव्हती, त्या घरानेही आपल्या कष्टाच्या सोबत्याला रत्नाचे नाव दिले.

हेच नाव एका थोर कलावतीचे होते. पवळा हिवरगावकर या तमाशाच्या रंगमंचावर पठ्ठे बापूराव यांच्यासोबत गाजल्या. बापूराव (१८६६–१९४५) मूळचे वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या कृष्णाकाठच्या गावचे ब्राह्मण कुलकर्णी, तर पवळा संगमनेरकडील महार समाजातील. या सहवासाबद्दल बापूरावांना समाजाचा रोष पत्करावा लागला. ज्या समाजाने पवळाच्या कलेला टाळ्या दिल्या, त्यानेच तिच्या जातीला वेशीबाहेर ठेवले. नाव रत्नाचे असले तरी माणसाचे मोल ओळखले जातेच असे नाही, हे या कहाणीतून दिसते.

मंगळाचे रत्न

नवरत्नांच्या मांडणीत प्रत्येक रत्न एका ग्रहाशी जोडले असून पोवळे मंगळाकडे आले, बहुधा दोहोंचा रंग तांबडा म्हणून. या कल्पनेचा भार मात्र मुलींवर पडला. पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असल्यास मुलगी ‘मंगळी’ ठरते आणि तिचे लग्न जुळणे कठीण होते. बारा स्थानांपैकी पाच स्थाने दोषाची मानली, तर केवळ गणिताने पाहता दर बारा पत्रिकांमागे सुमारे पाच पत्रिका सदोष ठरतील. एवढ्या मोठ्या संख्येने माणसे जन्मतःच जोडीदारास घातक असतात, हे तर्काला पटणारे नाही. परंतु भीती हिशोब करीत नाही. ती सराफाच्या दुकानी जाते आणि ऐपत नसतानाही पोवळ्याची अंगठी घेते.

या विषयावर महाराष्ट्रात विचारपूर्वक काम झाले आहे. सातारा ही कर्मभूमी असलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. कोल्हापूर येथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी समितीच्या सहकार्याने फलज्योतिषाची एक चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० याप्रमाणे दिल्या आणि त्या ओळखण्यास सांगितले. बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के आले. नाणे उडवून कौल घेतला असता तरी याहून कमी यश मिळाले नसते.

येथे कोणाच्या श्रद्धेची टवाळी करण्याचा हेतू नाही. पत्रिका पाहण्याची सवय ख्रिस्ती कुटुंबांतही शिरलेली आढळते, म्हणून हा विषय आपलाही आहे. बाळाच्या मनगटावर मणी बांधणाऱ्या आजीच्या कृतीत प्रेम आहे. पण तोच मणी जेव्हा एखाद्या शिकलेल्या, कर्तबगार मुलीच्या बोटात तिच्या कथित दोषाची निशाणी म्हणून घातला जातो, तेव्हा अलंकाराची बेडी होते.

आजची स्थिती

इटलीतील नेपल्सजवळचे तोर्रे देल ग्रेको हे पोवळ्याच्या कारागिरीचे केंद्र आहे. तेथे १८०५ मध्ये पहिला कारखाना आणि १८७८ मध्ये या कलेची शाळा सुरू झाली. मात्र कच्चे पोवळे घटत चालले आहे. अति मासेमारीसारखाच अति उपसा आणि १९९९ व २००३ सालच्या उन्हाळ्यांतील समुद्राचे वाढलेले तापमान यांमुळे भूमध्य सागरातील वसाहतींची मोठी हानी झाली. २०१५ च्या मूल्यांकनात तेथील तांबडे पोवळे संकटग्रस्त ठरले. बाजारात रंगविलेला बांबू प्रवाळ, काच आणि प्लॅस्टिक पोवळे म्हणून विकले जाते, हेही ग्राहकांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या किनाऱ्यावरील खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. ते तोडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा होय. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे आणि तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव धारण करणारा आंग्रिया हा प्रवाळाचा बुडीत पठारी प्रदेश आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात २०२० मध्ये वरळी व हाजी अली येथील १८ प्रवाळ वसाहती दुसरीकडे हलविण्यात आल्या. माशांच्या असंख्य जातींना या खडकांचा आसरा असतो. ते नष्ट झाले, तर कोळी बांधवांच्या जाळ्यात काय येणार, हा प्रश्न अलंकारांहून मोठा आहे.

समारोप

पोवळ्याला रोगनिवारक, ग्रहशांतिकारक, सौभाग्यदायक असे अनेक गुण माणसाने बहाल केले. वास्तविक ते एका सूक्ष्म जिवाचे, समुद्राच्या अंधारात दशकानुदशके बांधलेले घर आहे. त्याचे सौंदर्य खरे आहे आणि ते निर्मात्याची देणगी आहे. त्यावर आपण लादलेली भीती मात्र आपलीच आहे. ईयोबच्या ग्रंथाने ज्ञानाला आणि नीतिसूत्रांच्या कर्त्याने सद्गुणी स्त्रीला पोवळ्याहून मौल्यवान ठरविले. लेकीचे लग्न ठरविताना तिच्या बोटातील मण्याकडे न पाहता तिच्या गुणांकडे पाहिले, आणि समुद्रातील जिवंत प्रवाळ समुद्रातच राहू दिला, तर या जुन्या शब्दांचा अर्थ आपल्याला उमगला असे म्हणता येईल.